मिठाचा डबा

धनत्रयोदशीला आईने जुन्नरच्या बाजारात मामाच्या दुकानातून स्टीलचा डबा घेतला, साठ रुपयांना. तेव्हा दुकानात आई, मामा आणि मी. सख्ख्या बहिणीलाही मामाने रुपया सोडला नाही. डब्यावर आईचं नाव मात्र फुकट घालून दिलं.

माल विकताना मामा भांड्यावर टिचकी मारून म्हणायचा, "ऐका राव! गंजलं तर दुकान तुमचं." कुणी गंजलेलं भांडं परत आणलंच, तर त्याचा एकच प्रश्न असे : "मीठ ठेवलं व्हतं का?"

आईच्या डब्याला तळाशी तांबूस ठिपके पडले, मग भोक. आमच्या घोडेगावहून एसटीने ती डबा घेऊन मामाच्या दुकानात गेली.

"मीठ ठेवलं व्हतं का, आक्का?"

"मिठालाच घेतला व्हता ना!"

"मग हमी न्हाई. अन् तुझ्या नावाचा डबा दुसरं कोण घेणार?"

गिऱ्हाइकं हसली. त्यानंतर आई भाऊबीजेला मामाच्या घरी जायची, दुकानाची पायरी चढली नाही.

पुढे आळेफाट्याला मामाला ट्रकने उडवलं. मांडीच्या हाडाला स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसले. मामा मांडीवर टिचकी मारून सांगायचा, "माझाच माल माझ्यात घातलाय." हाड जुळल्यावर डॉक्टरांनी पट्टी काढायला बोलावलं. तो गेला नाही. "गंजत न्हाई ती काढायची कशाला? गिऱ्हाईक काय म्हणंल?"

काही वर्षांनी मांडी ठणकू लागली, सुजली, पू वाहू लागला. मी दोनदा गाडी घेऊन गेलो. मामी रडली. मामा गल्ल्यावरून उठला नाही.

अखेर नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी काढलेली पट्टी दाखवली. स्क्रूच्या डोक्यांखाली ती खाल्ली गेली होती.

"असं कसं?" मामाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी खारटच असतं, मामा. फटीत साचून राहिलं की स्टीलही गंजतं."

मामाने पट्टीवरून नख फिरवलं. टिचकी मारली नाही. हाड सडलं होतं, पाय मांडीतून काढावा लागला.

पुढच्या धनत्रयोदशीला मामाने आईला दुकानात बोलावलं. मी सोबत होतो. गर्दी होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"आक्का, तो डबा हाये का अजून?"

"हाये. खिळे ठेवते त्यात."

मामाने सगळ्यांसमोर गल्ल्यातून साठ रुपये काढून आईच्या हातावर ठेवले. डबा परत मागितला नाही.