पुढे चालणाऱ्याची पाठ

सीताराम टॅक्सी चालवायचा, पण विश्वास फक्त ब्रेकवर ठेवायचा. गिऱ्हाईक बसलं की आधी आरशात त्याचे हात बघायचा, मग रस्ता. परळच्या चाळीत त्याची बायको मालन म्हणायची, ह्यांना देव दिसला तरी हे आधी त्याचा पत्ता विचारतील.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. टॅक्सीचे मालक शामराव यांनी बजावलं होतं, की गाडीला ओरखडा आला तर चावी परत घेईन. त्यामुळे सीतारामला जो तो दगड मारायलाच आलेला दिसे.

त्या सकाळी धुकं उतरलं होतं, त्यात गिरण्यांचा धूर मिसळलेला. लालबागला एका माणसाने हात केला. गिरगावला जायचं म्हणाला. काखेत गोधडीत गुंडाळलेलं जड काहीतरी होतं.

"काय आहे त्यात?"

"शिवणाचं मशीन. मी कुशाबा, शिंपी."

बोलणं घाटावरचं होतं. सीताराम राजापूरकडचा, त्याला तेवढ्यावरूनच शंका आली. गाडी निघाली, पण त्याची नजर आरशातून हटेना. दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून त्याच्याच डोळ्यांवर येत होता. चिंचपोकळीच्या पुढे एक हातगाडी अगदी बॉनेटपाशी उगवली, तेव्हा कुठे त्याने कचकन ब्रेक दाबला.

कुशाबाने मागून सुचवलं, की आपण उतरून पुढे चालतो. घाटात असं धुकं पडलं की एक जण खांद्यावर पांढरं धोतर टाकून बैलांच्या पुढे चालतो, गाडीवानाने त्याच्या पाठीवर नजर ठेवायची. सीतारामने खूप विचार केला. गोधडी गाडीतच राहील, अशी अट घातली.

कुशाबाने पाठीवर पंचा पसरला नि चालू लागला. गाडी त्याच्या मागे रांगत होती. थोड्या वेळाने पंचा डावीकडे, एका गल्लीच्या तोंडाशी वळला.

"इकडून या," कुशाबा ओरडला.

गल्लीतून पोरांचा गलबला ऐकू येत होता. हा आपल्याला घोळक्यात नेऊन घालतोय, गाडी जाळतील, असं सीतारामच्या मनाने घेतलं. त्याने स्टिअरिंग सरळ धरलं नि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला.

आदल्या दिवशीच्या रास्ता रोकोचे धोंडे रस्त्यावर तसेच पडलेले होते. ते टाळण्यासाठीच कुशाबा वळला होता. गाडी धोंड्यांवर आदळली, पुढचा दिवा फुटला, मडगार्ड चाकाला घासू लागलं.

गल्लीतली पोरं धावली नि गाडी उचलून बाहेर काढली. सीतारामने आधी चाकांच्या टोप्या मोजल्या. सगळ्या जागेवर होत्या.

कुशाबा त्याच्याबरोबर शामरावांच्या गॅरेजवर आला. शामरावांनी फुटका दिवा बघून चावीसाठी हात पुढे केला.

"मालक, चूक माझी," कुशाबा म्हणाला. "मी पुढे चालत होतो. धोंडे मला उशिरा दिसले."

शामरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कुरकुरले, नि मेकॅनिकला हाक मारून चावी न घेताच आत गेले.

सीतारामने कुशाबाला भिंतीच्या आडोशाला ओढलं.

"खोटं का बोललास? काय पाहिजे तुला?"

"गिरगावला जायचंय, दादा. तेवढंच."

मडगार्ड सरळ झाल्यावर सीतारामने त्याला पुढच्या सीटवर, शेजारी बसवलं. आरसा वर करून ठेवला. भायखळ्यापर्यंत त्याने फक्त रस्ता पाहिला, हळू चालवली. मग पुन्हा विचारलं, "पण खरं सांग, दुसरं काहीच नको?"