आतून रंगणारं हाड

शैलजा मॅडम. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मला तिथवर पोचवलं ते या नावानं. गेल्या महिन्यात वारंगा फाट्यावर नांदेडच्या बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा त्यांच्या भावाचा फोन आला. "ताई पहाटे गेली. झोपेतच..." समोरून ट्रक जात होते, चहावाला ग्लास पुढे करत होता, आणि मला दिसत होती ती फक्त उन्हात धरलेली एक काचेची बरणी.

हिंगोलीच्या कॉलेजात मॅडम आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. गरोदरपणात दारू पोटात गेली तर गर्भाच्या हाडांचं काय होतं, हा त्यांचा ध्यास. प्रयोगासाठी गावठी अंडी लागत. आमचं गाव जवळा बाजारच्या जवळ, म्हणून आठवडी बाजारातून ती आणायचं काम माझ्याकडे. मांडीवरची टोपली बघून एस.टी.चा कंडक्टर विचारायचा, "काय गुरुजी, आमलेटचा गाडा लावून राहिला का?" बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत अंडी उबवायची, काहींत बारीक सुईनं किंचित दारू सोडायची, काहींत नुसतं मिठाचं पाणी. अंडं फोडण्याआधी मॅडम क्षणभर थांबायच्या. "ह्यांचा जीव आपण घेतोय... तर नीट बघा तरी."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बरणी डोळ्यांजवळ धरली. औषधी पाण्यात राहून पिल्लाचं मांस काचेसारखं पारदर्शक झालं होतं. मग त्यावर लाल रंग चढवलेला, मंजिष्ठेच्या मुळीत असतो तो. हा रंग चुना भरून घट्ट झालेल्या हाडालाच धरतो. त्या एवढ्याशा जिवाच्या आत केसासारख्या लाल फासळ्या, लाल मांडी, लाल नडगी... कुणीतरी आत बसून रेघा ओढल्यासारख्या. शेजारच्या बरणीत दारू मिळालेलं पिल्लू होतं. त्याच्या मांडीची रेघ आखूड, आणि जिथे लाल हवं तिथे बरीच जागा कोरी.

"हाड नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या. "मऊ साचा तयार आहे. चुना भरायचं काम मागे पडलंय." मग स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवून म्हणाल्या, "माणसात हे हाड सगळ्यांत आधी घट्ट व्हायला लागतं, लेकराला चांदीची हसळी घालतो ना, तिथलं. तेव्हा कितीतरी आयांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं."

त्याच वर्षी दिवाळीत माझी थोरली बहीण, ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता. घरी गेलो तर आई गरम पाण्यात टोपणभर ब्रँडी घालून तिला देत होती. आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही. पण ब्रँडी आईच्या लेखी दारू नव्हतीच. ते थंडीचं, कंबरेचं औषध. मी अडवलं तर ती उसळली. "चार बुकं काय शिकला, आता आईला बाळंतपण शिकवून राहिला का?"

मी मॅडमना सांगितलं. पुढच्या रविवारी त्या आमच्या अंगणात हजर. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या दोन बरण्या.

"अगं बाई, कोंबडीचं पिल्लू बरणीत घालून काहून हिंडता मॅडम?" आई हसत म्हणाली. मॅडमनी एक बरणी उन्हात धरली. आईचं हसू थांबलं. ती वाकून बघत राहिली, आणि हात आपोआप जोडले गेले. "एवढंसं... अन् सगळं हाय की वो त्याला!" मग मॅडमनी दुसरी धरली. आईनं खूप वेळ बघितलं. ताई दारात उभी होती. तिच्याकडे न बघता आईनं हळूच विचारलं, "मी दिलं ते... लेकराला लागलं आसंल का?"

मॅडमनी खोटा धीर दिला नाही. "मला माहीत नाही. किती घेतलं तर चालतं, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एक टोपणही नको. पण चुना सगळ्यांत जास्त भरतो तो ह्या शेवटच्या महिन्यांत. ते हाड अजून बनायचंय, आई. कंबरेची तकलीफ डॉक्टरांना दाखवू. उद्या मी येते बराबर."

आईनं डोळे पुसले. "अन् ह्या उरलेल्या बाटलीचं काय करू?"

"तुमच्या गुडघ्याला चोळा."

ताईसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी मॅडम खरंच आल्या, आणि दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. भावानं मला मॅडमच्या खोलीत नेलं. खिडकीत त्याच दोन बरण्या, ऊन आरपार, रंग अजून तसाच. बरणीला टेकवून माझं पत्र उभं होतं. फोनवर मॅडमशी बोलायची तेव्हा छातीच होत नसे, म्हणून लिहिलेलं. शाई उन्हानं उडालीय, पण वाचता येतं.

"आदरणीय मॅडम, सा. न. ताईला मुलगी झाली. डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. आईनं बाटलीला पुन्हा हात लावला नाही, गुडघ्यालासुद्धा नाही. ती रोज उन्हात बसून लेकराला तेल लावते. नडगीवरून अंगठा फिरवताना मधेच थांबते आणि मला विचारते, 'रंगलं आसंल ना रे आतून?' मी व्हय म्हणतो. मग ती पाय उचलून उन्हात धरते आणि बघत राहते, तुम्ही बरणी धरली होती तशी."