गणिताच्या वर्गातली जागा

रामिरो पहाटे साडेतीनला उठे. आरसे पुसायचे, टायर ठोकून बघायचे, पावणेपाचला बस काढायची. सॅन फ्रान्सिस्कोतले संगणकवाले उचलायचे आणि माउंटन व्ह्यूला त्यांच्या कंपनीत नेऊन सोडायचे. बारा वर्षांत त्याची बस उशिरा पोचली ती दोनदाच.

या लोकांचा त्याला वीट आला होता. शेजारी कुणी नवा बसला की नाव नंतर, आधी विचारणार, कंपनीत कितव्या पायरीवर आहेस. पायरी खालची निघाली की कानात गाणी.

दहा ते चार बस उभी. त्या तासांचा पगार नाही. तेव्हा चोन या दुसऱ्या ड्रायव्हरच्या पिकअपमागे बसून दोघे मक्याच्या टॉर्टिया आणि राजमा खात. चोन रामिरोच्या मुलीचा, येसेनियाचा, बाप्तिस्म्यापासूनचा धर्मपिता; म्हणून दोघे एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. त्याची मुलगी इत्सेल तिच्याच वर्गात.

"आज एक जण कुत्र्याच्या शाळेचं सांगत होता. तिथंही नंबर लावावा लागतो म्हणे!"

"कुत्रं कितव्या पायरीवर?"

दोघे पोट धरून हसले.

ऑक्टोबरात बसमध्ये दोन बायका कुजबुजल्या. गणिताचा एक खासगी वर्ग आहे, थोड्याच जागा उरल्यात, कुणाला सांगू नकोस. एकीने दुसरीला सांगितलेला फोन नंबर रामिरोने सिग्नलला हातावर लिहून घेतला आणि त्याच आठवड्यात येसेनियाचं नाव घातलं.

नाताळात चोनने विचारलं, "येसेनियाला कुणी शिकवतं का रे? आमची तर वही बघूनच रडते."

"छे. देवाची देणगी."

मुलीलाही त्याने तेच बोलायला लावलं.

फेब्रुवारीत येसेनियाने ताट सरकवलं. "इत्सेलला कळलं. ती आता शाळेत माझ्याजवळ जेवायला बसत नाही. पपा, आणि तुम्ही बसमधल्या लोकांना हसता!"

दुसऱ्या दिवशी रामिरोने चोनला सगळं सांगून टाकलं.

चोनने हातातली टॉर्टिया संपवली. "महिन्याला किती घेतात?"

"सहाशे डॉलर."

"मग लपवलंस कशाला, कोंपाद्रे? मला कुठं परवडणार होतं!"

तो उठला आणि आपल्या बसच्या काचा पुसू लागला. काचा स्वच्छच होत्या. रामिरो फडकं घेऊन गेला, तर म्हणाला, "राहू दे. माझं मी करतो."

जूनपर्यंत रामिरोने सुट्टीच्या दिवशीही बस चालवली. ती सगळी कमाई वर्गाच्या फीला गेली. त्यातून येसेनियाचा पहिला नंबर आला, आणि शाळेत एकटीने खाल्लेले चार महिन्यांचे डबे.