बाईंची पाच तारीख

"कोरडं चालंल न्हाय का?"

कोठीच्या पायरीवर कुणी दिसलं की बाईंचा हा पहिला प्रश्न. रामराम नंतर. हातात खारीक-खोबऱ्याची वाटी, मान जरा तिरपी, आणि तोंडावर अशी आशा की समोरचा माणूस आज तरी म्हणेल, कोरडं कशाला, शिजलंय ते आणा की. तसं कुणी म्हणत नसे. माणसं खारीक घ्यायची, खोबरं घ्यायची, पदराला बांधायची आणि पायरी उतरायची.

बाई हॉलंडच्या. तामलवाडीच्या बाजूला आमचं गाव. तिथं मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, त्यात बाई नर्स आणि मी कंपाउंडर. निझामाचं राज्य. डॉक्टर यायचे सोलापूरहून, म्हणजे इंग्रजी हद्दीतून, तेही करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्यांनी पेट्या उघडून अर्धा दिवस बसवून ठेवलं नाही तर. एरवी आम्ही दोघंच. गाव त्यांना मडमबाई म्हणे आणि इंग्रज समजे. "इंग्रज न्हाय, हॉलंड," बाई म्हणायच्या. "त्येच की," गाव म्हणे.

मराठी त्या रोग्यांकडून शिकल्या. म्हणजे आमच्या खुरपणाऱ्या बायका बोलतात तशी. एकदा तालुकदारसाहेब शेरवानी घालून दवाखाना बघायला आले, तर बाई त्यांना म्हणाल्या, "बसा की, लई दमलाव जनू." मी खलबत्त्यात डोकं घातलं ते साहेब जाईपर्यंत वर काढलं नाही.

आता हे कोरड्याचं प्रकरण सांगायला हवं. आम्ही लिंगायत वाणी. आई कानडी मुलखातली, म्हणून तिला मी अव्वा म्हणतो. आमच्यात कोरडा शिधा कुणाकडूनही घेतला तर चालतो, पण शिजवलेलं परक्याच्या हातचं चालत नाही. गावात इतर जातींचंही थोडंफार तसंच होतं. त्यातून बाई म्हणजे कुठल्या कोण, काय खाणाऱ्या, काय पिणाऱ्या. तेव्हा त्यांच्या घरी चहाचा घोट घेणं म्हणजे घरात कल्लोळ.

पण औषधाला विटाळ नव्हता! बाईंच्या विहिरीचं पाणी, बाईंच्या हातचं मिश्रण, आणि अख्खं गाव ते नाक मुरडत का होईना गटागटा पीत होतं. बाई मला विचारायच्या, "कंपाउंडर, त्येच पाणी. बाटलीत चालतं, कपात का न्हाय?"

मी म्हणालो, "बाई, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला औषधाच्या मापात कॉफी दिली. मापाला बाहेरून पट्टी चिकटवलेली. मी प्यालो. अव्वाला ताकास तूर लागू दिली नाही. पण तेवढंच. त्यांच्या टेबलावर जाऊन बसलो असतो तर अव्वानं मला ओसरीवर झोपवलं असतं.

बाई राहायच्या त्या कोठीत. जुन्या काळी कुण्या गोऱ्या साहेबानं बांधलेली, काळ्या दगडाची, उंच जोत्याची. पुढं जहागीरदाराकडं गेली, मग मिशनकडं आली. दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटी होती. आमच्या मुलखात शेकोटी घराबाहेर पेटते, भिंतीत नाही, त्यामुळं ती बघायला माणसं लांबून यायची. बाई दोन खोल्या वापरायच्या, बाकीच्यांना कुलपं. पण डिसेंबरच्या पाच तारखेला सगळी कुलपं निघायची. झुंबर पुसलं जायचं, खिडकीखिडकीत दिवा लागायचा, आणि गाव जत्रेला यावं तसं कोठी बघायला यायचं.

त्या दिवशी म्हणे त्यांच्या देशात एक म्हातारा संत पांढऱ्या घोड्यावर बसून छपरांवरून फिरतो. पोरं आपले बूट शेकोटीपाशी ठेवतात, बुटात घोड्यासाठी गवत. सकाळी गवत गेलेलं असतं आणि बुटात खाऊ असतो. बाईंनी पहिल्याच वर्षी गावच्या पोरांना सांगितलं, पायताण घेऊन या. पोरं सगळी अनवाणी. त्यांनी बापांच्या करकरीत वहाणा पळवून आणल्या. बाईंनी त्या शेकोटीपाशी ओळीनं मांडल्या आणि त्यात गूळ-शेंगदाणे भरले.

अरे देवा, काय ती सकाळ! वहाणा शोधत बाप आले आणि बघतात तर पोरं पायताणात हात घालून खातायत. चुलीपाशी पायताण, पायताणात अन्न! अव्वा तर दवाखान्यात येऊन माझ्यावरच उखडली. "लक्ष्मीला खेटरात घातलं की रं तुझ्या मडमीनं!" बाई भिंतीला टेकून उभ्या, गोरा चेहरा पांढराफटक. त्यांना काय चुकलं तेच कळेना. मग मीच तोड काढली. पोरांनी टोपी ठेवायची, पोरींनी दुरडी. शेकोटीपाशी नाही, पायरीवर.

घोडेस्वाराचा प्रश्न अव्वानं सोडवला. "घोडं पांढरं हाय म्हन्ती न्हवं? आन् हाय कोनत्या म्हैन्यात? मार्गशीर्षात. मंग खंडोबाच की त्यो!" आणि खंडोबाची म्हाळसा आमच्या वाण्यांतली, तेव्हा तो आमचा जावई. जावयाच्या घोड्याला उपाशी कसं ठेवायचं? दरवर्षी अव्वा स्वतः कडब्याची पेंढी घेऊन कोठीवर जायची आणि उंबऱ्यावर भंडारा टाकून यायची. कडबा कोठीच्या चौकीदाराची शेळी खायची. ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नसे.

पण बाईंचा खरा सण आत होता. दिवाणखान्यात एक लांब टेबल. त्यावर पांढरं कापड, निळ्या नक्षीच्या बशा, सगळ्या खुर्च्यांपुढं एकेक. त्या संध्याकाळी बाई वाटाण्याच्या डाळीचं दाट कढण करायच्या, जायफळ-दालचिनी घातलेली बिस्किटं भाजायच्या. सोलापूरची मिशनची माणसं नाताळाला जमायची, पाच तारखेला नाही. चौकीदार मुसलमान, तो बाईंच्या हातचं खायचा, पण स्वैपाकघराच्या पायरीवर बसून. टेबलावर बसणं त्याला बेअदबी वाटे. गाव तर टोप्या-दुरड्या घेऊन पायरीवरच थांबायचं.

मग बाई एकट्या बसायच्या. एवढं टेबल, एवढ्या बशा, आणि टोकाला त्या. आणि आम्ही? आम्ही खिडकीत गर्दी करून बघायचो. मडम चमच्यानं कशी जेवते ते बघायला माणसं पोरांना खांद्यावर घ्यायची. बाई मधेच मान वर करून खिडकीकडं बघून हसायच्या, हातानं या म्हणायच्या. तशी माणसं मागं सरायची. मला ते बघवत नसे. तरी दरवर्षी मी जायचोच.

हॉलंडात त्यांची एक थोरली बहीण होती. लग्न न केलेली, बाईंसारखीच. दर महिन्याला तिचं पत्र यायचं आणि बाई त्यातलं मला सांगायच्या. बहिणीची मांजर काय करते इथपर्यंत मला ठाऊक होतं. मग लढाई पेटली, जर्मनानं हॉलंड घेतलं आणि डाक बंद झाली. डाकवाला आला की बाई इंजेक्शन अर्धवट टाकून दाराशी जायच्या. तो लांबूनच हात हलवायचा. अशी वर्षं गेली.

लढाई संपली आणि सोलापूरच्या मिशनमधून निरोप आला. बहीण गेली. बॉम्बनं नाही, गोळीनं नाही, लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात उपासमारीनं. शहरातलं धान्य संपलं तेव्हा तिकडच्या लोकांनी फुलझाडांचे कांदे उकडून खाल्ले म्हणे. गोरी माणसं भुकेनं मरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. बाईंनी मला हे सांगितलं ते बँडेज गुंडाळता गुंडाळता. म्हणाल्या, "तिला कुणी एक वाटी दिली न्हाय, कंपाउंडर. आन् हितं माझ्या वाट्या भरलेल्या, घ्याय कुणी न्हाय." मग बँडेज खाली पडलं, ते उचलायला वाकल्या त्या तशाच बसून राहिल्या.

मी घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "फुलांचं कांदं?" एवढंच म्हणाली.

त्या वर्षी पाच तारखेला कोठीत दिवा लागला नाही. पोरं टोप्या घेऊन आली, थोडा वेळ घुटमळली, गेली. अव्वा कडबा घेऊन आली होती. तिनं अंधारातल्या खिडक्या बघितल्या, पेंढी माझ्या हातात दिली आणि पायरी चढून सरळ आत गेली. आजवर ती उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. मी मागून धावलो.

बाई स्वैपाकघरात स्टुलावर बसून होत्या. चूल थंड.

"स्वैपाक केला न्हाय?" अव्वानं विचारलं.

"न्हाय. कुणासाठी करू?"

"भूक लागलीय मला," अव्वा म्हणाली.

बाईंना वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बाई उठल्या आणि सवयीनं खारकेच्या डब्याकडं हात नेला.

"कोरडं नगं. शिजवून घाल काय तरी."

तेव्हा बाईंनी वरच्या फळीवरनं एक पितळी पातेलं काढलं. कोरं. आतली कल्हई आरशासारखी. "ह्यात म्या कधी काय शिजवलं न्हाय, अव्वा," त्या म्हणाल्या. "मांस तर न्हायच न्हाय. तुळजापूरच्या बाजारातनं आणून ठेवलं व्हतं. तुमच्यापैकी कुणी जेवाय बसलं तर, म्हून."

किती वर्षं ते पातेलं त्या फळीवर होतं, मी विचारलं नाही.

वाटाण्याची डाळ शिजायला वेळ लागला. अव्वा हलली नाही. मग दिवाणखान्यात जाऊन खुर्चीवर मांडी घालून बसली, कारण पाय लोंबकळत ठेवून जेवणं तिला जमेना. गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावलं आणि बशी तोंडाला लावली. एक घोट घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्ये त्येच हिरवं औषध न्हवं का?"

झालं! आता हेही सांगतो. मागं अव्वाला हिवताप आला होता, अन्न जाईना. तेव्हा बाईंनी हेच कढण पातळ गाळून औषधाच्या बाटलीत भरलं होतं आणि मी गुपचूप पट्टी चिकटवली होती. अव्वा त्यावरच उठून बसली होती. आम्हा दोघांना वाटत होतं, हे कुणालाच माहीत नाही.

"पहिल्या घोटालाच कळलं व्हतं," अव्वा म्हणाली. "कांदा घातल्यालं औषध कुटं असतंय व्हय? म्या काय खुळी हाय?"

"मग तवा का बोलला न्हाय तुमी?" बाईंनी विचारलं.

"ताप व्हता. आन् चांगलं लागत व्हतं." अव्वानं बशी पुढं केली. "घाल अजून. आन् रडत वाढू नगं."

बाई समोर बसून जेवल्या. मलाही बशी मिळाली. बाई सारख्या अव्वाच्या बशीकडं बघत होत्या, ती रिकामी होते आहे ना तेवढंच.

गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. भावकीतले चौघे घरी आले. अव्वानं त्यांना ओसरीवर बसवून विचारलं, "औषध घेतलं म्या. तुमी तिच्या हातचं औषध घेत न्हाय का?" चौघांच्याही घरात बाईंच्या बाटल्या होत्या. पान खाऊन निघून गेले. पुढल्या पाच तारखेला आमच्या गल्लीतल्या तीन-चार बायकांना अचानक अशक्तपणा वाटू लागला आणि त्या औषधाला म्हणून टेबलावर येऊन बसल्या. बिस्किटंही औषधात धरली. बाई त्या रात्री इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तेवढं एकच वर्ष. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. गावंच्या गावं हद्दीपलीकडं निघाली. आम्हीही सोलापुरात एका खोलीत येऊन पडलो. मिशननं दवाखाना बंद केला, आणि बाईंचं वय झालं म्हणून त्यांना मायदेशी धाडायचं ठरवलं. बाईंनी नको म्हणून सांगितलं, अर्ज केला. कुणी ऐकलं नाही. पुढं मी मिशनमध्ये दोनदा चौकशी केली. सुखरूप पोचल्या एवढंच कळलं. त्यानंतर काही नाही.

सोलापूर स्टेशनवर त्यांना पोचवायला मी आणि अव्वा, दोघंच. बाई खिडकीशी बसल्या होत्या, अंगात तिकडच्या थंडीचा जाड कोट, घामानं निथळत होत्या. अव्वानं खिडकीचा गज धरला.

"तिकडं बरं हाय की," अव्वा म्हणाली. "तिकडं समदे खात असतील तुझ्या हातचं."

"व्हय. तिकडं कुणाचं काय न्हाय. समद्यांना समदं चालतं." बाईंनी रुमालानं तोंड पुसलं. "पण अव्वा, बोलवू कुणाला? माझं कुणीच न्हाय तिकडं."

शिट्टी झाली. एकाएकी अव्वा म्हणाली, "मग उतर खाली."

बाई हसल्या आणि त्यांनी गजावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"हसतीस काय? उतर. माझ्याकडं ऱ्हा. उतर म्हन्ते न्हवं म्या!"

गाडी हलली. अव्वा गज सोडेना, गाडीबरोबर चालू लागली, मग धावू लागली, नि तिचं एकच चाललं होतं, उतर, उतर. मी पळत जाऊन तिला कवेत धरलं आणि एकेक बोट करून तिचा हात सोडवला.