मायचं मनगट

ये गं पोरी, हा कागद घेऊन उजेडात बैस आणि सावकाश वाच. मागच्या हंगामाच्या सणाला प्रभुमंदिरात सगळे गात होते, मी माझंच मनगट धरून उभी होते, आणि तू पदराआड हसलीस. "आजी, नाडी बघतेस का?" म्हणालीस. असं हसू नये गं. आधी विचारावं, मग हसावं.

ख्रिस्ती होण्याआधी माझ्या मायच्या अंगात वारं यायचं. विसरवाडीच्या पलीकडे आमचा पाडा. तिथे ढोल वाजला, डोंगरातल्या देवाचं गाणं सुरू झालं, की तिची मान हलू लागायची. लोक पाया पडायचे, आजारी गुरांचं विचारायचे. मी चार-पाच वर्षांची, तिच्या लुगड्याला धरून रडायची. ती माझ्याकडे बघायची आणि मी कोण ते तिला कळायचं नाही. त्या नजरेइतकी भीती मला पुढे कशाचीच वाटली नाही. वाघाचीही नाही, आणि वाघ आम्ही पाहिलेत.

मग आम्ही बाप्तिस्मा घेतला आणि वारं थांबलं. पण पाळकसाहेब रविवारी सांगत, जिथे स्तुती होते तिथे देव येऊन राहतो. बाकीच्या बाया समाधानाने माना डोलवत. माय घामाने भिजे. गायलं की देव येतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आल्यावर तो माणसाचं काय करतो, तेही तिला ठाऊक होतं. म्हणून ती ओठ मिटून बसे. मला म्हणाली, "गाणी मराठीत आहेत तेच बरं. त्या जुन्याला मराठी येत नाही." मराठी मलाही धड येत नव्हती, तरी मला धीर आला.

आणि एका हंगामाला पाळकसाहेबांनी ठरवलं, यंदाची पिकाची उपकारस्तुती आपल्या बोलीत करायची, आपल्याच ढोलावर.

माझ्या आत्याने जुना देव सोडला नव्हता. आदल्या दिवशी ती मायजवळ नागली पाखडत बसली होती. म्हणाली, "वहिनी, देव बदललास, पण अंग तेच आहे ना? उद्या मी दाराशी उभी राहते. तुला घरी आणायला कोणीतरी लागेल."

"बघायचंच असेल तर आत येऊन बस," माय म्हणाली.

"आत बसले तर माझीच मान हलायची."

माय हसली नाही. मी हळूच म्हटलं, "आपण नाही गेलो तर?"

"पीक त्याने दिलंय. आभार न मानता खायचं कसं?"

सकाळी देवाला द्यायच्या नागलीची टोपली डोक्यावर घेताना ती मला म्हणाली, "माझं मनगट धर. माझी नजर बदलली तर चाव. पण सोडू नको."

ढोल सुरू झाला. तोच ठेका. माझ्या मुठीत तिचं मनगट थरथरू लागलं, थरथर खांद्यापर्यंत चढली. तिने डोळे मिटले आणि गाऊ लागली. तिचा गाण्याचा आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकत होते, घोगरा, तुटक. मी दात तिच्या हाताला लावून ठेवले होते. रडूही येईना.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"तुझी वेणी सुटलीय," ती म्हणाली, आणि पुढची ओळ गाऊ लागली.

दाराशी आत्या होती, ती एकटीच निघून गेली. घरी जाताना माय एवढंच म्हणाली, "हा येतो तेव्हा आपल्याला आपल्या घरातून काढत नाही. शेजारी बसतो."

भीती गेली का, म्हणशील. नाही गेली. मरेपर्यंत गाताना तिचं मनगट माझ्या हातात असे, आणि दर वेळी ते आधी थरथरे. ती गेल्यापासून मी माझंच धरते.

हल्ली मात्र मला दुसरीच धास्ती आहे. परवा शेजारीण दारात उभी होती आणि मला तिची ओळख पटायला वेळ लागला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं, माझी नजर मायच्या त्या नजरेसारखी झाली असणार. मी गाते अजून, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा गाते, आणि तो शेजारी बसतो, हे मला ठाऊक आहे. पण हाताला माणसाचा हातही लागतो गं.

सणाची वाट बघू नको. या रविवारीच ये, माझ्या डाव्या बाजूला बैस, आणि वेणी जरा सैलच घालून ये.