अवघडबाईंचा अंदाज

"कातडी न कापता हे हाड जागेवर बसेलच असं नाही," असं मुलाच्या आईबापांना आधीच तोंडावर सांगणारा सर्जन मी नाशकात एकच पाहिला, आणि ती बाई होती. नव्वदच्या दशकात आमच्या हॉस्पिटलात सगळे पाठीमागे त्यांना अवघडबाई म्हणत. मी भूल देणारी डॉक्टर, त्यामुळे त्यांच्या टेबलाशी माझी बरीच वर्षं गेली.

कोपर मोडलेलं पोर आलं की त्या एक्स-रे शेवटी बघत. पोराला आईच्या मांडीवरच राहू देत आणि आधी कोपरापुढची कातडी न्याहाळत. तिथे कातडी आत ओढली जाऊन खळी पडली असेल तर हाडाचं टोक स्नायूत घुसलेलं असायची शक्यता फार, मग नुसता हात ओढून ते बसणं कठीण. मनगटाची नाडी आणि बोटांची ऊब बघून झाली की हे सगळं त्या आईबापांना समजावत. हॉस्पिटलचे मालक डॉक्टर चिडत. पेशंट घाबरून दुसरीकडे जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

एकदा निफाडहून द्राक्षाच्या मांडवावरून पडलेली मुलगी आली. खळी स्पष्ट होती. बहुतेक कापावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. बाप म्हणाला, "पोरीच्या हातावर व्रण नको मॅडम. उद्या लग्नाला लय त्रास व्हतो."

"हात तिला जन्मभर वापरायचाय. व्रणाचं नंतर बघू."

आत मात्र हाड पहिल्याच प्रयत्नात जागेवर बसलं. मला इतका आनंद झाला! मालकांनी बापासमोरच बाईंना सुनावलं, की उगाच घाबरवलंत. यापुढे आधी काही बोलायचं नाही. बापानेही मान डोलावली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला, बरं झालं. पण मी सांगणारच."

महिनाअखेर त्यांना जावं लागलं. तुम्ही थोडं गप्प बसला असतात तर, असं मी म्हणाले. त्यांनी मलाच झापलं. "आत काय अडलंय ते आपल्याला दिसतं. बाहेर बसलेल्या आईने काय करायचं?" त्या गेल्यावर मला त्या थिएटरमध्ये फार एकटं वाटलं.

दोन हजार सालानंतर एक तरुण सर्जन आला. हुशार होता. एका मुलाच्या कोपराला तशीच खळी दिसत असताना, आईला "पाच मिनिटांचं काम आहे" सांगून तो आत आला. मी भुलीची सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि आधी बाहेर जाऊन खरं सांगून या म्हटलं. तो तावातावाने मालकांना घेऊन आला. मालकांनी आवाज चढवला. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

शेवटी त्या आईला खरं सांगायला मालकच बाहेर गेले.