पट्टी कललेली होती

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बेळगावातल्या आमच्या शाळेत पाण्याने शंभर अंशांवर आपोआप उकळणे बंद केले आहे. यापुढे एखाद्या विद्यार्थ्याने पूर्ण इंग्रजी वाक्यात परवानगी दिल्याशिवाय ते उकळणार नाही.

हसलात? हसा. मीही हसतच सांगते. ही सवय मला एका दिवसात लागली. आधी तो दिवस सांगते.

निपाणी. पीयूसी सायन्सचा, म्हणजे अकरावीचा वर्ग. मी सतरा वर्षांची, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. तिच्या लुगड्याला वास, घराला वास, माझ्या वह्यांनाही वास. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर तरफेचं गणित घातलं. कुणी उठेना. मी उठले. सोडवलं. खडू ठेवला.

"एक्सप्लेन," सर म्हणाले.

मला सगळं येत होतं. मराठीत. "सर, हे अंतर वाढलं की..." एवढंच म्हणाले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, डस्टर उचललं आणि माझं उत्तर पुसलं. सावकाश. वरून खाली.

"वखारीत इंग्लिश लागत नाही. आईला सांग, शेजारी जागा धरून ठेव."

आई कुठे काम करते, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आमची वस्ती कुठली हे त्यांना ठाऊक होतं. तेवढं पुरे होतं.

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं माहीत आहे? मी.

तेव्हापासून लोकांना हसवतेच आहे. त्या सरांची नक्कल मी एवढी फर्मास करते की स्टाफरूममध्ये चहा सांडतो. फक्त डस्टरचा भाग नकलेत कधी घेतला नाही.

आता माझं वय अठ्ठेचाळीस. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी वरून नवी पद्धत आली: गणित आणि विज्ञान शिकवतानाच इंग्रजीही शिकवायचं. कागद वाचून मला रडू आलं, खरंच. म्हणजे प्रयोग करता करता मुलांच्या हातात शब्द द्यायचे. सतराव्या वर्षी मला एवढंच हवं होतं.

शाळेनं त्या कागदाची चाळणी केली. आधी वाक्य, मग प्रयोग. तयार वाक्यं छापून आली, गाळलेल्या जागांसह. ज्याला वाक्य येत नाही त्याचं नाव यादीत. यादीतली मुलं गणित-विज्ञानाच्या तासाला शेवटच्या खोलीत बसतात आणि स्पेलिंगं लिहितात. 'बॅलन्स' वीस वेळा लिहायचं. तराजू शेजारच्या लॅबमध्ये, कुलपात. गेल्या वर्षी त्या खोलीत गेलेलं एकही मूल माझ्या तासाला परत आलं नाही. यादी कोण लिहितं? मी. सही कुणाची? माझी.

यंदा आठवीत अश्विनी आली. कंग्राळीची, शेतकऱ्याची पोर, सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत. लॅबमध्ये शिरली की तिचे डोळे मोठे होतात. स्क्रू दिसला की फिरवून बघते. इंग्रजीत मात्र 'येस मिस' आणि 'नो मिस', एवढीच दुकानदारी.

पाहुणे तास बघायला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यामागून व्हरांड्यात आली.

"मिस, लिस्टीत नाव घातल्यावर लॅबला सोडत न्हाईत व्हय?"

"तुझं नाही घालणार गं."

"शप्पत?"

"शपथ."

पाहुण्यांसमोर करायच्या प्रयोगाची आम्ही आठवडाभर तालीम केली होती. मीटरपट्टी मधोमध दोऱ्यानं टांगायची, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पन्नास-पन्नास ग्रॅमची वजनं लावायची. एका वकिलांच्या मुलानं वाक्य म्हणायचं. माझ्या अंगातला खोडकरपणा जात नाही. पाहुणे खुर्च्यांवर बसताना मी एका बाजूचं पन्नास काढून वीस अडकवलं. म्हटलं, बघू तरी.

पट्टी धाडकन कलली. एक टोक जवळजवळ टेबलाला टेकलं. मुलगा उभा राहिला, छाती काढली आणि खणखणीत म्हणाला, "आय ऑब्झर्व्ह दॅट द स्केल इज बॅलन्स्ड बिकॉज बोथ साइड्स आर इक्वल!"

टाळ्या. संस्थेचे लोक, पालक, आमचे कोऑर्डिनेटर सर, सगळ्यांच्या टाळ्या. पट्टी समोर वाकडी लोंबतेय आणि टाळ्या चालूच. त्या पोराचा दोष नाही. वाक्य मीच पाठ करून घेतलं होतं. मी पदर तोंडाला लावून हसू दाबत होते, आणि तेवढ्यात अश्विनी उठली.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ टेबलाशी गेली. वजनदार बाजूचा दोरा मध्याकडे सरकवला, हलक्या बाजूचा लांब नेला. पट्टी हलली, डुलली, थांबली. सरळ. मग तिनं फळ्यावर लिहिलं: ५० × १२ = २० × ३०.

टाळी नाही.

"फुल सेंटेन्स, प्लीज," कोऑर्डिनेटर सर म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"जड जवळ आनायचं," ती म्हणाली, "हलकं लांब न्यायचं. मग बरोबर हुतंय."

मागच्या खुर्च्यांत कुणीतरी हसलं. आणि अश्विनी, माझी अश्विनी, तीही हसली. ते हसू मी ओळखलं. एकतीस वर्षं माझ्या तोंडावर आहे.

"मॅडम, हिचं नाव आजच लिस्टमध्ये घ्या," सर म्हणाले आणि त्यांनी डस्टर उचललं.

मी कधी पुढे गेले ते कळलं नाही. त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. खडूची पूड दोघांच्या अंगावर. मी ओरडले. बेळगावात वीस वर्षं घासून गुळगुळीत केलेली भाषा गेली, निपाणी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मेमो. यादीवर सही करा, अन्यथा कारवाई. शिवाय पाहुण्यांसमोर आपण नेमकं काय ओरडलात ते शब्दशः कळवा, तीन दिवसांत, इंग्रजीत.

सही केलेली नाही. अश्विनीला तरीही त्या खोलीत बसवलंय. सही दुसऱ्या कुणाची तरी घेतली. शपथ माझी होती, ती मोडली गेली. तिच्या आप्पांना शाळेत बोलावून सांगितलं, पोरीला झेपत नाही. ते मान डोलावून गेले. मी काही वाचवलेलं नाही. नोकरी राहील असंही वाटत नाही.

पण ऐका. नोकरी आहे तोवर माझा तास त्या खोलीत होईल. पट्टी, दोरा, वजनं घेऊन जाईन. इंग्रजी शिकवीन, घोटून शिकवीन, पण पट्टी मुलांच्या हातात देऊन. मला बाहेर काढलं तर कंग्राळीत कुणाच्या पडवीत शिकवीन. यादी मी पुन्हा लिहिणार नाही. आणि निपाणीच्या त्या सरांची नक्कल आता डस्टरसकट करीन, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं.

खुलासा लिहून झालाय. मराठीत. मेमोत शब्दशः म्हटलंय, म्हणून शब्दशः दिलाय. त्या दिवशी फळ्यासमोर मी ओरडले ते हे:

"पुसू नगासा सर! उत्तर बरोबर हाय!"